यूजर प्रोफाइल उडवून नवं करायचंय, आधी काय काय सांभाळू?

मीच_ती
लोकहो, लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. दोन आठवडे झाले, स्टार्टवर क्लिक केलं तर ढिम्म काही होत नाही. सर्चमध्ये अक्षरं उमटत नाहीत. तसंच रेटत होते. आज सकाळी लॉगिन केलं तर डेस्कटॉप कोरा करकरीत! एकही फाइल नाही, वर सूचना की तुम्ही टेम्पररी प्रोफाइलमध्ये आहात. पोटात गोळा आला. ओळखीतला एकजण म्हणतो, "यूजर डिलीट कर, त्याच नावाने परत बनव, सगळं सुरळीत होतं." करू का? सगळे फोटो आणि क्रोममधले पासवर्ड त्यातच आहेत. बॅकअपचं विचारू नका, प्लीज.

रिकामटेकडा
फॉरमॅट मारा. एका दुपारचं काम.

खटपट्या
एका घुशीपायी घर पाडायला कशाला सांगताय?

@मीच_ती, आत्ता त्या कोऱ्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका. लॉगआउट केलं की ते सगळं पुसलं जातं. तुमच्या फाइली बहुतेक जागच्या जागी असतील. सी ड्राइव्हवर यूजर्स फोल्डर उघडा, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर शोधा (मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर नावाऐवजी ईमेलची पहिली पाच अक्षरं दिसतील). आहे का, ते सांगा.

आणि त्या ओळखीच्यांचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. अकाउंट वेगळं, प्रोफाइल वेगळं. प्रोफाइल म्हणजे ते फोल्डर आणि त्यातली एनटीयूजर.डॅट नावाची लपवलेली फाइल. तुमची बरीचशी सेटिंग्ज त्या एका फाइलीत असतात. लॉगिनच्या वेळी ती उघडली नाही की विंडोज हात वर करतं आणि तात्पुरतं प्रोफाइल देतं. ऐन वेळी अँटिव्हायरसने ती फाइल धरून ठेवली तरी हे होतं, म्हणून आधी एकदोनदा नुसतं रीस्टार्ट करून बघा.

अकाउंटच उडवलंत तर मात्र वेगळा घोळ. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, एसआयडी नावाच्या लांबलचक आकड्याने ओळखतं. त्याच नावाने नवं अकाउंट काढलं तरी आकडा नवा, म्हणजे विंडोजच्या लेखी तो परका माणूस. जुन्या अकाउंटला दिलेल्या परवानग्या त्याला लागू नाहीत.

मीच_ती
फोल्डर आहे! फोटोही दिसतायत. हुश्श. तीनदा रीस्टार्ट केलं, परत तेच कोरं पान.

खटपट्या
मग आता तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, लपवलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू करून. ॲपडेटा (प्रोग्रॅम आपापली माहिती ठेवतात ते फोल्डर) त्यातच लपलेलं असतं.

अर्धवटराव_नाही
मी काय केलं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. यूजर्समधलं फोल्डर थेट डिलीट केलं. वाटलं, पुढच्या लॉगिनला नवं तयार होईल. छे! रजिस्ट्रीतली (विंडोज सेटिंग्ज टिपून ठेवतं त्या वहीतली) नोंद तशीच राहते, विंडोज त्या नसलेल्या फोल्डरच्या दारात जाऊन परत फिरतं आणि दर वेळी टेम्पररी प्रोफाइल देतं. आठवडाभर डोकं आपटत होतो.

तुमच्या बाबतीत तीच नोंद बघा. रेजएडिट (रजिस्ट्री बघायचा प्रोग्रॅम) उघडा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, प्रोफाइललिस्ट. एस-१-५-२१ ने सुरू होणारा एकच आकडा दोनदा दिसतोय का, एकाच्या शेपटीला .बॅक लावलेला?

मीच_ती
हो! .बॅकवाल्याच्या प्रोफाइलइमेजपाथमध्ये माझं फोल्डर आहे, बिनशेपटीच्यात टेम्प.

अर्धवटराव_नाही
मग सापडलं. आधी प्रोफाइललिस्टवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करून ठेवा. मग बिनशेपटीच्याच्या शेवटी .ओल्ड असं काहीतरी लावा, .बॅकवाल्याची शेपटी काढा, त्यातलं स्टेट आणि रेफकाउंट असेल तर दोन्ही ० करा, रीस्टार्ट.

मीच_ती
डेस्कटॉप परत आला!!! पण स्टार्ट अजून बंदच. म्हणजे प्रोफाइल उडवायचंच का?

खटपट्या
आधी एक नवं ॲडमिन अकाउंट काढून त्यात लॉगिन करा. तिथेही स्टार्ट बंद असेल तर दुखणं विंडोजचं आहे. डिझम आणि एसएफसी (विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या आज्ञा) चालवा, प्रोफाइलला हात लावू नका. तिथे नीट चाललं तर दोष तुमच्या प्रोफाइलचा. एसएफसी सिस्टिमच्या फाइली तपासतं, तुमच्या एनटीयूजर.डॅटशी त्याला देणंघेणं नाही.

किल्ली_हरवली
थांबा, पासवर्ड! क्रोम पासवर्ड कुलूपबंद ठेवतं आणि त्या कुलपाची किल्ली विंडोज तुमच्या प्रोफाइलमध्ये ठेवतं. क्रोमचं फोल्डर नुसतं उचलून नव्या प्रोफाइलमध्ये टाकलं तर बुकमार्क येतील, पासवर्ड येणार नाहीत. म्हणून आत्ता, जुन्या प्रोफाइलमध्ये शिरता येतंय तोवरच, क्रोममधून एक्स्पोर्ट करा. ती फाइल साधी वाचता येते, तेव्हा काम झालं की आठवणीने पुसा. फायरफॉक्सचं बरं असतं, त्याची किल्ली त्याच्याच फोल्डरात असते. विंडोजच्या एन्क्रिप्टने कुलूप लावलेली फोल्डरं असतील तर तीही आत्ताच उघडी करून घ्या, नाहीतर कायमची गेली. हे नाव मी उगाच घेतलेलं नाही.

मीच_ती
नव्या अकाउंटमध्ये स्टार्ट झकास चालतंय. पासवर्ड एक्स्पोर्ट केले, २१४ निघाले! डिलीट कुठून करायचं?

खटपट्या
रीस्टार्ट करून थेट नव्या अकाउंटमध्ये जा. विंडोज आणि आर दाबून सिसडीएम.सीपीएल लिहा, ॲडव्हान्स्ड, यूजर प्रोफाइल्सचं सेटिंग्ज. यादीतलं तुमचं प्रोफाइल निवडून डिलीट. बटण फिकट दिसलं तर ते प्रोफाइल अजून मेमरीत आहे, परत रीस्टार्ट करा. इथून केलं की फोल्डर आणि रजिस्ट्रीतली नोंद दोन्ही जातात, अकाउंट आणि त्याचा आकडा राहतो. त्याआधी बाहेरच्या डिस्कवरचे दोनचार फोटो उघडून बघा, खरंच उघडतायत ना.

मग जुन्या अकाउंटने लॉगिन केलं की प्रोफाइल नव्याने तयार होईल. त्यात फोटो, डॉक्युमेंट्स वगैरे आणा. ॲपडेटा सरसकट आणू नका आणि एनटीयूजरने सुरू होणाऱ्या फाइली तर अजिबात नाही. घाण परत घरात आणल्यासारखं होईल. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल (तुमच्याच मशीनवर साठवलेले मेल) मात्र आणा. ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची प्रत) सर्व्हरवरून पुन्हा बनते.

रिकामटेकडा
एवढ्यात माझं फॉरमॅट मारून झालं असतं.

खटपट्या
आणि पासवर्ड?

मीच_ती
झालं! स्टार्ट उघडतंय, सर्च चालतंय, पासवर्ड आले, ती फाइल पुसली. फक्त स्टिकी नोट्स रिकाम्या. त्या गेल्याच ना?

अर्धवटराव_नाही
बाहेरच्या डिस्कवरच्या कॉपीत ॲपडेटा, लोकल, पॅकेजेस, मायक्रोसॉफ्ट.मायक्रोसॉफ्टस्टिकीनोट्सने सुरू होणारं फोल्डर, लोकलस्टेट. त्यात प्लम.एसक्यूलाइट आहे का? स्टिकी नोट्स बंद करून ती आणि प्लम नावाच्या बाकीच्या फाइली नव्या प्रोफाइलच्या त्याच फोल्डरात टाका.

मीच_ती
आल्या! ३१ चिठ्ठ्या. त्यातल्या कामाच्या दोन, आणि एकीवर लिहिलंय "बॅकअप घेणे".