वृद्धाश्रमात सिस्टर टिकत नाहीत. बाँड हवा की नको?

तापीकाठ:
आमच्या तालुक्याच्या वृद्धाश्रमाचं काम मी बघतो. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी रुजू होते, जरा हात बसला की सुरत नाहीतर पुणे गाठते. नंदुरबार-नवापूरकडच्या मुलींना तर सुरतची गाडी दाराशीच. निदान दोन वर्षं सोडून जाणार नाही असा लेखी करार, म्हणजे बाँड, हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे. आजी-आजोबांना दर महिन्याला नवा चेहरा दिसतो, ते घाबरतात, औषध घेत नाहीत.

सिस्टर, धुळे:
दादा, बाँड म्हणजे आमचे मूळ सर्टिफिकेट तुमच्या कपाटात. मी ते भोगलंय, जागेचं नाव घेत नाही. रात्रपाळीला मी एकटी. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर कातडी आधी लाल होते, मग फुटते. धिप्पाड आजोबांना एकटीनं वळवायचं कसं? तेवढ्यात शेजारच्या खोलीत कोणी संडासला उठून पडलं, तर धावायचं कुठे? आणि सकाळी मुलाचा फोन: "पाठीला जखम झालीच कशी?"

अमळनेरकर आप्पा:
पगाराचं कोणीच बोलत नाही! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला किमान २०,००० द्या असं सुचवलं. वृद्धाश्रमातलं काम काय हलकं आहे? तेवढे द्या, कोण जातंय सुरतला!

तापीकाठ:
आप्पा, हिशोब करा. तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी धरून चार सिस्टर लागतात. झाले ८०,०००. वीस जण राहत असतील तर माणशी ४,००० नुसते सिस्टरचे. जेवण, डायपर, वीज वेगळंच. कापसाला भाव नाही त्या वर्षी मुलं आहे तीच फी थकवतात.

चोपड्याची सून:
मग सगळा भार सिस्टरवर टाकताच कशाला? भरवणं, डायपर बदलणं गावातल्या बायका शिकून घेतात. मी सासूबाईंचं सगळं केलंय.

सिस्टर, धुळे:
ताई, मदतीला बाई हवीच, पण सिस्टरच्या जोडीला. कॅथेटर (लघवीची नळी) तुंबला, साखर एकदम उतरली, ते तिनं ओळखायचं कसं? दादा, रात्री दुसरं माणूस द्या आणि कागद माझ्याकडे राहू द्या. पगार दोन हजार कमी असला तरी मी धुळं सोडणार नाही.

तापीकाठ:
रात्रीच्या माणसाचं पटलं, बैठकीत मांडतो. कागद ठेवणार नाही. पण सोडण्याआधी दोन महिन्यांची लेखी नोटीस मात्र घेणारच, ताई.