निंदणीला बाई-गड्याचा रोज वेगळा का?

रावेरकर: केळीच्या बागेत निंदणीला आणि पील (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापायला गड्याला जास्त रोज (दिवसाची मजुरी), बाईला कमी. कारण विचारलं की "गड्यात ताकद जास्त". हे पटतं का?

तापीकाठ: ताकदीचा फरक खरा आहे, पण तो घड वाहताना लागतो. चांगला घड २०-२५ किलोचा भरतो. वाहतुकीचा दर घडावर किंवा टनावर ठरवा, जो उचलेल त्याला मिळेल. निंदणीला ताकदीचा काय संबंध? अन् रोज ठरतो गड्यांची-बायांची सरासरी ताकद पाहून. म्हणून अशक्त गड्यालाही पूर्ण अन् दणकट बाईला कमी! १९७६च्या समान वेतन कायद्यात हेच बंद केलं. बरोबरी करायची म्हणून गड्याचा रोज कमी करणंही त्यात चालत नव्हतं, अन् त्याच्या जागी आलेल्या २०१९च्या वेतन संहितेतही चालत नाही.

कपाशीवाला: भाऊ, वेचणी किलोवरच असते, तिथं हा वाद नाही. पण नुसतं वजन धरलं तर म्हातारी माणसं, गरोदर बाया मागं पडतात. म्हणून किमान वेतनाएवढा रोज पक्का ठेवा, वर किलोचा दर. दवात भिजलेला कापूस मात्र वाळवूनच मोजा, नाहीतर मालक-मजुरांत काट्यावरच भांडण.

रावेरकर: आणि स्वयंपाक उरकून उशिरा येणाऱ्या बाया?

तापीकाठ: तासावर हिशोब करा. तोच दर, कमी तास.