‘फॉन नॉयमन रचने’चे श्रेय नेमके कोणाचे?

तर्कदीप:
संगणकाचा प्रोग्राम आणि माहिती एकाच मेमरीत ठेवण्याच्या पद्धतीला आपली पाठ्यपुस्तके ‘फॉन नॉयमन रचना’ म्हणतात. परंतु एनिअ‍ॅक हे सुरुवातीचे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉक्ली यांनी उभे केले आणि गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन त्या मंडळींच्या संपर्कात १९४४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे यंत्राचे काम बरेच पुढे गेल्यावर आले. मग ही रचना एकट्या त्यांच्या नावावर कशी जमा झाली? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

जुनी_यंत्रे:
एनिअ‍ॅकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याचा गणनेचा वेग त्या काळी थक्क करणारा होता. पण नवे गणित घालायचे म्हणजे केबली काढून दुसरीकडे खोचायच्या आणि बटणे नव्याने फिरवायची, आणि त्यात कित्येकदा दिवस जात. हे काम ज्या सहा तरुणींनी केले त्यांची नावेही पुढे कित्येक वर्षे कोणी घेतली नाहीत, हे जाता जाता नोंदवतो. दर वेळी नव्याने जोडणी करण्याची ही अडचण एकर्ट आणि मॉक्ली यांना यंत्र पुरे होण्याआधीच ठाऊक होती; प्रोग्रामच मेमरीत ठेवला तर ती टळते. रडारसाठी वापरात असलेली पाऱ्याची नळी, जिच्यातून ध्वनीचे स्पंद फिरते ठेवता येत, ती मेमरी म्हणून वापरण्याची कल्पना एकर्ट यांचीच होती.

पुढच्या एडव्हॅक या यंत्राविषयीच्या चर्चा सर्वांनी मिळून केल्या. त्यांचा मसुदा मात्र फॉन नॉयमन यांनी लिहिला. लष्कराच्या वतीने या कामाशी जोडलेले हर्मन गोल्डस्टाइन यांनी जून १९४५ मध्ये तो अपुरा मसुदा फक्त फॉन नॉयमन यांच्या नावाने अनेकांना धाडला आणि नाव तिथेच चिकटले. एवढ्यावरच हे थांबले नाही. १९७३ मध्ये मिनिआपोलिसच्या न्यायालयाने एनिअ‍ॅकचे पेटंट रद्द केले, तेव्हा पेटंटच्या अर्जाआधीच प्रसिद्ध झालेला हा मसुदा हेही त्यामागचे एक कारण होते. अन्याय झाला, असेच माझे मत आहे.

बिंदुमाधव:
अन्याय झाला हे मान्य, पण फॉन नॉयमन यांनी केवळ टिपणे उतरवून काढली असे समजणे बरोबर नाही. त्यांनी नलिका आणि तारा बाजूला ठेवून यंत्राची तार्किक मांडणी केली: गणन, नियंत्रण, मेमरी, आदान आणि प्रदान. त्यामुळे एनिअ‍ॅकची फिलाडेल्फियातली प्रयोगशाळा कधी न पाहिलेल्या माणसालाही ती समजू शकली. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांच्या हाती १९४६ मध्ये हा मसुदा एका रात्रीपुरता आला. नक्कल काढण्याची सोय नसल्याने त्यांनी तो जागून वाचला, आणि ६ मे १९४९ रोजी त्यांच्या एडसॅक यंत्राने वर्गसंख्यांचा तक्ता छापून दाखवला. मेमरीत साठवलेला प्रोग्राम त्याआधी, २१ जून १९४८ रोजी, मँचेस्टरच्या ‘बेबी’ या छोट्या प्रायोगिक यंत्राने चालवला होता. त्याची मेमरी अवघ्या ३२ शब्दांची होती (शब्द म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तो ठरावीक बिटांचा गट).

तर्कदीप:
दोघांचेही आभार. हा मसुदा इतका फिरला, तर त्याचा धागा आपल्याकडेही पोहोचला होता का?

जुनी_यंत्रे:
थेट मसुद्याचा नव्हे, पण त्याच घराण्याचा पोहोचला. फॉन नॉयमन यांनी पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत जे यंत्र बांधले, त्याचे अहवाल पेटंटच्या भानगडीत न अडकवता सर्वांना खुले ठेवले गेले आणि त्यांवरून अनेक देशांत यंत्रे उभी राहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला आणि १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणक त्याच वळणाचा होता. प्रिन्स्टनच्या यंत्राप्रमाणे त्याचाही शब्द ४० बिटांचाच होता.