स्टार्टरच्या बोर्डात सिरीयल नंबर कसा टाकायचा? दर बोर्डाला वेगळी हेक्स (चिपमध्ये भरायची प्रोग्रामची फाइल) करावी लागते का?

जालना_पॅनल:
पाणबुडी मोटरच्या ऑटो स्टार्टरचे बोर्ड, महिन्याला दीडशे-दोनशे. कंट्रोलर चिप एसटीएम३२एफ१०३सी८. सगळ्यांत एकच हेक्स जाते, नंबर फक्त स्टिकरवर. शेतातल्या उन्हात पॅनल तापतं, स्टिकर काळं पडतं, अन् वॉरंटीत आलेला बोर्ड कोणत्या लॉटचा ते कळत नाही. चिपमध्ये कारखान्यातूनच येणारा ९६ बिटचा आयडी वापरावा की आपला नंबर टाकावा?

वाळूज_जिग:
दोन्ही लागतात दादा. आयडी १२ बाइटचा, डीलर तो फोनवर सांगणार नाही. आपला नंबर ९ अंकी ठेवा: वर्ष, आठवडा, चार अंकी क्रमांक आणि शेवटी लूनचा चेक अंक (आधीच्या अंकांवरून हिशोबाने काढलेला पडताळणीचा अंक). उदा. २५३७०१४८६. एखादा अंक चुकीचा सांगितला तर लगेच कळतं आणि आकडा ४ बाइटमध्ये मावतो.

जागा: फ्लॅश (चिपमधली प्रोग्राम साठवायची मेमरी) ६४ केबी, १ केबीची ६४ पेजं म्हणजे कप्पे. शेवटचं पेज नंबरला राखा. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड मेमरीत कुठे बसवायचा ते सांगणारी फाइल) फ्लॅशची लांबी ६४ ऐवजी ६३ केबी करा, नाहीतर कोड वाढला की एक दिवस त्या पेजवर चढेल. हेक्स तीच राहते. आधी फर्मवेअर म्हणजे ती हेक्स, मग नंबर. उलटं केलं आणि 'फुल चिप इरेज' चालू असेल तर नंबर पुसला जातो. क्यूबप्रोग्रामरच्या (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं सॉफ्टवेअर) कमांड लाइनवर ठरावीक पत्त्यावर ३२ बिटचा आकडा थेट लिहिता येतो, बॅच फाइलमध्ये तेवढी एक ओळ वाढवा.

आयडीचे शेवटचेच ४ बाइट घेऊन काम भागवू नका. एसटी कंपनीच्या बऱ्याच चिपमध्ये तो वेफरवरची (ज्या सिलिकॉन चकतीतून चिप कापतात ती) जागा, वेफर नंबर आणि लॉट यांचा जोड असतो. तुकडा घेतला तर दोन बोर्डांचा सारखा निघू शकतो.

लातूर_रिपेअर:
वरचं बरोबर, पण खरी गडबड नोंदीत होते. नंबर आधी वहीत 'दिला' म्हणून लिहा, मग प्रोग्राम करा, चिपमधून परत वाचा, जुळला तरच 'पास' आणि तेव्हाच लेबल छापा. मधेच लाइट गेली तर तो नंबर बाद, पुन्हा वापरायचा नाही. मधे नंबर सुटले तर चालतं, दोन बोर्डांना एकच गेला तर चालत नाही.

नोंदीच्या प्रत्येक ओळीत आयडीसुद्धा हवाच. रीड प्रोटेक्शन (चिपमधला कोड कुणी वाचू नये म्हणून लावलेलं कुलूप) काढलं की पूर्ण फ्लॅश पुसली जाते, त्यात तुमचा नंबरही जातो. आयडी मात्र राहतो, त्यावरून जुना नंबर शोधून परत टाकता येतो. एक्सेलमध्ये आयडीचा कॉलम आधीच 'टेक्स्ट' करा. आकड्यांच्या मधे एकच 'ई' आला तर एक्सेल त्याला घातांक समजतं आणि आयडीची वाट लागते.

जालना_पॅनल:
जुन्या मॉडेलला एटीमेगा३२८पी चिप आहे सर. तिथे नंबरला ईईप्रॉम (चिपमधली लाइट गेली तरी टिकणारी छोटी मेमरी) चालेल का?

वाळूज_जिग:
चालेल. ईईसेव्ह फ्यूज (ईईप्रॉम वाचवायची चिपमधली सेटिंग) लावा, नाहीतर चिप इरेजमध्ये तेही पुसतं. ब्राउन-आउट (व्होल्टेज पडलं की चिप थांबवणारी सोय) चालू ठेवा. काँटॅक्टर (मोटर चालू करणारा मोठा स्विच) ओढताना व्होल्टेज पडून ईईप्रॉम बिघडतं. नंबरच्या दोन प्रती सीआरसीसह (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) ठेवा, पहिला बाइट मोकळा सोडा.

लातूर_रिपेअर:
आणि लेबल थर्मल कागदाचं नको, ते उन्हाने काळं पडणारच. पॉलिस्टरचं घ्या, रेझिन रिबनने छापा.