शब्दचर्चा: हिप-हॉप, रॅप, ब्रेक, बार, सॅम्पल

रफार: एका लेखाचा अनुवाद करतोय. मुळात 'हिप-हॉप' आणि 'रॅप' आलटूनपालटून येतात. दोन्हीकडे 'रॅप' लिहिलं तर बिघडतं का? शेवटी सगळं सोनसाखळ्या आणि महागड्या गाड्यांवरच असतं.

तिहाई: बिघडतं. रॅप म्हणजे ठेक्यावर शब्द टाकणं. हिप-हॉपमध्ये त्याखेरीज डीजेचं काम, ब्रेकिंगचा नाच आणि भिंतींवरची ग्राफिटीही येते. तोंडातून शब्द न काढणारा डीजेही हिप-हॉपच करत असतो. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कने वाजवलेल्या पार्टीपासून याचा आरंभ मोजतात. रॅपची पहिली मोठी हिट तबकडी आली १९७९ मध्ये. बाजार येण्याआधी सहा वर्षं हा प्रकार नांदत होता. गाड्या-साखळ्या हा त्यातला जास्त खपणारा माल.

रफार: बरं. 'ब्रेक'ला 'विराम'?

काना-मात्रा: अर्थ उलटेल! गाणारा आणि बाकीची वाद्यं थांबतात, ड्रम तेवढे वाजत राहतात, तो तुकडा म्हणजे ब्रेक. बहुधा काही सेकंदांचाच. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर, लावल्या: एकीवरचा ब्रेक संपेतो दुसरीची सुई ब्रेकच्या तोंडाशी. सुई अंदाजाने ठेवली की पुढेमागे पडते आणि ठेका तुटतो. म्हणून ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने तबकडीवर क्रेयॉनने खूण केली आणि ती उलट किती फेरे फिरवायची ते मोजलं. तबकडीखाली फेल्टची चकती हवी, म्हणजे वरून हाताने धरली तरी थाळी फिरत राहते. पट्ट्यावर चालणारं टर्नटेबल इथे दगा देतं, हात सोडल्यावर वेग पकडायला वेळ लावतं.

तिहाई: 'बार'ला सरसकट 'ओळ' म्हणू नका. बार म्हणजे चार मात्रा. नेहमीचं कडवं १६ बारांचं, म्हणजे ६४ मात्रा. मिनिटाला ९० मात्रांच्या बीटवर (बीट म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत) सुमारे ४३ सेकंद. नवखे प्रत्येक यमक चौथ्या मात्रेवर आपटतात, मग ते बडबडगीत वाटतं. राकिमसारखा एमसी, म्हणजे रॅप करणारा, यमक बारच्या पोटात ठेवतो, वाक्य पुढच्या बारमध्ये ओढतो. ही अक्षरांची मांडणी म्हणजे 'फ्लो'. त्याला 'लय' म्हणू नये; लय बीटची, फ्लो म्हणणाऱ्याचा.

रफार: आणि सॅम्पल? मी 'उचलेगिरी' लिहिलं होतं.

काना-मात्रा: खोडा. सॅम्पल म्हणजे आधीच्या रेकॉर्डवरून घेऊन नव्या गाण्यात वापरलेला तुकडा. १९८७ च्या एसपी-१२०० या सॅम्पल भरायच्या यंत्रात सगळे तुकडे मिळून जेमतेम १० सेकंद मावत. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगाने वाजवून भरायची, आत गेल्यावर सूर खाली आणायचा. त्यातून आवाजाला जो खरखरीतपणा येतो, तो पुढे हवासा झाला. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्याचा निकाल लागला आणि परवानगीशिवाय तुकडा वापरणं धोक्याचं झालं. एका गाण्यात दहा-बारा तुकड्यांचे थर देणं परवडेना. मुख्य प्रवाहातल्या पुष्कळ बीट सपाट झाल्या त्याचं एक कारण हे आहे. दोष प्रकाराचा नाही, हिशेबाचा आहे.

रफार: मग 'सॅम्पल', 'ब्रेक', 'बार' तसेच ठेवतो.

तिहाई: ठेवा. फक्त पहिल्यांदा 'चार मात्रांचा बार' असं लिहा, नाहीतर वाचक भलत्याच बारमध्ये शिरेल.