विद्यापीठाचं अंदाजपत्रक तुटीचं: विद्यार्थी घटले म्हणून, की दुसरंच काही?

अधिसभेतला_नवा

मोजक्या जिल्ह्यांसाठी काढलेलं राज्य विद्यापीठ आहे, नाव इथे घेत नाही. मार्चच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) अंदाजपत्रक येणार आहे, मी तिथे नवा सदस्य आहे. तूट मोठी आहे आणि प्रशासनाचं उत्तर एका ओळीचं: "विद्यार्थीसंख्या घटली." त्यावर दोन प्रस्ताव आलेत. परीक्षा शुल्क २० टक्के वाढवायचं आणि कमी प्रवेशाचे दोन पदव्युत्तर विभाग बंद करायचे.

माझ्या हातात अंदाजपत्रकाचं पुस्तक, वार्षिक लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल आहे. नेमकं काय तपासू? कपात सूचना, म्हणजे एखादा खर्च कमी करा असा प्रस्ताव, कुठे टाकावी? शिक्षणाचं खाजगीकरण वगैरे भाषणं नकोत, ती सभेत पुष्कळ होतील.

खतावणी

सर, सुरुवात उत्पन्नाच्या बाजूने करा. संलग्न महाविद्यालयांवर चालणाऱ्या विद्यापीठात आवारातल्या विभागांची फी हा छोटा भाग असतो. सर्वसाधारण निधीत मोठा वाटा परीक्षा शुल्काचा, मग संलग्नीकरण शुल्क, विद्यार्थ्यांचं पात्रता शुल्क आणि ठेवींवरचं व्याज. तेव्हा विभागांतल्या रिकाम्या बाकांकडे बोट दाखवून सगळ्या तुटीचा खुलासा होत नाही.

पुस्तकात तीन रकाने असतात: मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष. पहिले दोन बाजूला ठेवा. पाच वर्षांच्या लेख्यांमधून फक्त प्रत्यक्ष आकडे काढून एका कागदावर मांडा. मांडताना शासनाचं वेतन अनुदान जमा आणि खर्च दोन्हींकडून वगळा. ते एका हाताने येतं, दुसऱ्या हाताने जातं. ते धरलं की एकूण आकडा फुगतो आणि तूट टक्केवारीत किरकोळ दिसते.

आता व्याजाचं लेखाशीर्ष, म्हणजे लेख्यांतली त्याची ओळ, बघा. दर फारसे बदललेले नसताना व्याज उतरत असेल, तर मुदत ठेवी मोडून रोजचा खर्च चाललाय. तसं असेल तर तूट यंदाची नाही, यंदा फक्त झाकण उडालं. घसारा निधी, विद्यार्थी कल्याण, देणगीतून दिली जाणारी पदकं, अशा राखीव निधींमधून सर्वसाधारण निधीने केलेली उसनवारी लेख्यांच्या परिशिष्टात असते. ती परत गेली का, हे विचारा. 'तात्पुरती' हा शब्द सलग तीन वर्षं दिसला तर ती तात्पुरती नाही.

खर्चाच्या बाजूला सगळ्यात आधी तासिका (तासावर पैसे घेणारे शिक्षक) आणि कंत्राटी मानधन. शासन पगार देतं तो मंजूर आणि भरलेल्या पदांचा. प्राध्यापक निवृत्त झाले आणि पद भरलं नाही की शासनाचा पगार थांबतो, तास मात्र थांबत नाहीत. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा कार्यभार १६ तासांचा, तो मग तासिका तत्त्वावर वाटला जातो आणि पैसे विद्यापीठाच्या खिशातून जातात. कार्यालयातल्या लिपिकांचं तेच. निवृत्तीची यादी आणि मानधनाचं लेखाशीर्ष शेजारी ठेवा. दोन्ही चढत्या रेषा असतील तर तो बोजा मंत्रालयातून तुमच्याकडे सरकलाय, प्रवेशांशी त्याचा संबंध थोडा.

जाता जाता जीएसटी. संलग्नीकरणाच्या सेवेवर १८ टक्के कर लागतो असं ऑक्टोबर २०२४च्या केंद्राच्या परिपत्रकात म्हटलं होतं. २०२५ मध्ये गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. तुमच्याकडे याची तरतूद केली आहे का, नोटीस आली आहे का, एवढं विचारून ठेवा.

कॅप_केंद्र

परीक्षा शुल्काबद्दल लिहितो, कारण २० टक्के वाढीचा प्रस्ताव चुकीच्या जागी मलमपट्टी करतोय.

परीक्षेचा खर्च दोन प्रकारचा. एक पेपरमागे ठरलेला: प्रश्नपत्रिकेचे संच काढणं, मॉडरेशन (संचांची फेरतपासणी), मराठी भाषांतर, मुद्रितशोधन, ऑनलाइन पाठवणं. मूल एक बसो की हजार, हा तेवढाच. दुसरा विद्यार्थ्यामागे: उत्तरपत्रिका, केंद्राचा खर्च, बारकोड, कॅपपर्यंत (उत्तरपत्रिका तपासणी केंद्रापर्यंत) वाहतूक, तपासणीचं मानधन.

समजण्यापुरते आकडे घ्या, खरे तुमच्या परीक्षा विभागाकडून मिळवा. सत्राचं शुल्क ६०० रुपये, पेपर १०, म्हणजे पेपरमागे ६०. त्यातले ३५ विद्यार्थ्यामागच्या खर्चात गेले, उरले २५. पेपरचा ठरलेला खर्च ७,५०० धरला तर ३०० मुलं बसली की बरोबरी होते. शुल्क २० टक्के वाढवलं की पेपरमागे ७२ मिळतील, उरतील ३७, बरोबरी २०३ मुलांवर येईल. पण ज्या पेपरला १८ मुलं आहेत तिथे ६६६ रुपये सुटणार आणि ७,५०० जाणार. असे पेपर किती, हा खरा प्रश्न.

आणि ते वाढलेत. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्य), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) अशा टोपल्या, म्हणजे विषयगट, आहेत. सत्राचे २० ते २२ श्रेयांक (क्रेडिट) त्यांत विभागले जातात आणि कित्येक विषय २ श्रेयांकांचे असतात. विद्यार्थी कमी, पेपर जास्त, आणि प्रत्येक पेपरला बसणारी मुलं आणखी कमी. त्यात जुन्या पॅटर्नचे रिपीटर: पाच मुलांसाठी पूर्ण प्रश्नपत्रिका निघते.

मागायचा तक्ता असा: गेल्या दोन सत्रांतला प्रत्येक पेपर कोड, बसलेले विद्यार्थी आणि खर्च, विद्यार्थीसंख्येच्या चढत्या क्रमाने. ५० खालचे वेगळे काढा. मग अभ्यास मंडळांकडे तीन सूचना जाऊ शकतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला एकच आशय असलेल्या ओपन इलेक्टिव्हचा एकच कोड. २ श्रेयांकांच्या कौशल्य विषयांचं मूल्यमापन महाविद्यालय पातळीवर आणि विद्यापीठाकडून नमुना तपासणी. जुन्या पॅटर्नला समतुल्य पेपर आणि संधींची ठरलेली मर्यादा. तिसरी सूचना आली की विद्यार्थी संघटना दारात येतात, म्हणून शेवटच्या संधीची तारीख निदान दोन सत्रं आधी जाहीर करा.

पुनर्मूल्यांकनाची जमा किती, हेही बघा. तपासणीतल्या चुकांवर उत्पन्न उभं असेल तर ते अंदाजपत्रकात मिरवायची गोष्ट नाही.

शिष्यवृत्ती_कक्ष

वरच्या दोघांनी येणे रकमांचा विषय सोडला.

विद्यार्थी आहे, पण शुल्क आलेलं नाही, हा मोठा प्रकार आहे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. त्याने तो संस्थेत भरायचा असतो. घरी अडचण असली की तो तिथेच खर्च होतो, आणि मुलाला परीक्षेला बसू न देणं योग्यही नाही. मुलींच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची १०० टक्के शुल्कमाफी २०२४-२५ पासून आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. योजना चांगलीच आहे, पण विद्यापीठाच्या वहीत ती 'शासनाकडून येणे' अशी बसते आणि रक्कम हप्त्याने येते. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्कमाफी: ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुके जाहीर झाले, पुढच्या महिन्यात १,०२१ महसूल मंडळांची भर पडली. परीक्षा झाली, खर्च झाला, प्रतिपूर्ती मागून.

त्यामुळे विचारायचं असं: येणे रकमा योजनेनुसार आणि वर्षानुसार किती? महाडीबीटीवर (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) महाविद्यालयाच्या लॉगिनला अडकलेले अर्ज किती, आणि विभागाच्या लॉगिनला किती? पहिला आकडा मोठा असेल तर दोष आपल्याच लिपिकाच्या टेबलावर आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचं वर्ष चुकणं, आधार बँक खात्याला जोडलेलं नसणं, अभ्यासक्रमाचं शुल्क पोर्टलवर चुकीचं मंजूर होणं, बहुतेक अर्ज यातच अडकतात.

गावकुसाबाहेर

सगळ्यांचं पटलं, पण घट खोटी आहे असा समज होऊ देऊ नका. ती आहे, फक्त एका रंगाची नाही.

पाच आकडे वेगवेगळे मागवा: मंजूर प्रवेशक्षमता, प्रत्यक्ष प्रवेश, पात्रता पूर्ण होऊन पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) मिळालेले, पहिल्या सत्राचे परीक्षा अर्ज आणि तिसऱ्या सत्राचे. क्षमता आणि प्रवेश यांतला फरक बघून लोक हळहळतात, पण क्षमता वाढवली कोणी? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम १०७च्या बृहत् आराखड्यात (नवी महाविद्यालयं कुठे हवीत याच्या योजनेत) दर पाच वर्षांनी नवी ठिकाणं सुचवायची आणि जुन्या तुकड्या रिकाम्या म्हणून रडायचं, हे दोन्ही एकाच सभागृहात होतं. प्रवेश आणि पीआरएन यांत मोठा फरक असेल तर कागदोपत्री प्रवेश तपासा, अनुदानित तुकडी टिकवायला नावं भरली जातात. पहिल्या सत्रात हजार अर्ज आणि तिसऱ्यात सातशे दिसले, तर जाहिरात करून उपयोग नाही, ही गळती आतली आहे.

बीबीए-बीसीएचे आकडे सावकाश वाचा. २०२४-२५ पासून ते एआयसीटीईकडे (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडे) गेले, सीईटी (प्रवेश परीक्षा) आली, त्याच वर्षी ती दुसऱ्यांदा घ्यावी लागली आणि तरी जागा उरल्या. अनेक महाविद्यालयांनी नाव बदलून तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या वगैरे छत्राखाली आणला. एका ओळीत घट आणि दुसरीत वाढ दिसेल, मुलं तीच.

जन्मदराचं कारण आत्ताच पुढे करू नका. राज्याचा एकूण जननदर २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.१ होता. त्या वर्षीची मुलं २०२३-२४ मध्ये अठराची झाली. २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला, ती मुलं २०३७ नंतर दारात येतील.

घटीचा बाकी हिस्सा विद्यार्थी दुसरीकडे वाटले जाण्याचा. स्वायत्त महाविद्यालय आपली परीक्षा आपण घेतं, मोठी आणि भरलेली महाविद्यालयंच आधी स्वायत्त होतात, आणि विद्यापीठाकडे तालुक्याची छोटी उरतात. साताऱ्यात २०२१ मध्ये तीन महाविद्यालयांचं समूह विद्यापीठ झालं, ती शिवाजी विद्यापीठाच्या संलग्नतेतली होती. सोलापूर (२००४) आणि गोंडवाना (२०११) तर जन्मतःच एक-दोन जिल्ह्यांची. मुख्य इमारत, परीक्षा भवन, संगणक प्रणाली हा खर्च मात्र महाविद्यालयं किती हे बघून कमी होत नाही.

अधिसभेतला_नवा

खूप आभार. विभाग बंद करण्याचं काय? एकात ४० पैकी २२ प्रवेश आहेत.

खतावणी

एकच वर्ष धरू नका, एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांचं असतं. आणि बंद केल्यावर खरोखर वाचणारा खर्चच मोजा. कायम प्राध्यापकाचा पगार शासन देतं, विभाग बंद झाला तरी तो माणूस राहतो. इमारत राहते. वाचतं ते कंत्राटी मानधन, रसायनं, विभागाचा आकस्मिक खर्च.

समजा पहिल्या वर्षाला २२, दुसऱ्याला १८, फी १५,००० म्हणजे जमा ६ लाख. दोन कंत्राटी शिक्षक, ३२,००० दरमहा, ११ महिने: ७ लाख ४ हजार. प्रयोगशाळा १ लाख. तूट साधारण २ लाख. शेजारच्या विभागाशी दोन समान पेपर एकत्र शिकवले आणि एक कंत्राटी जागा वाचली तर ३ लाख ५२ हजार वाचतात, तूट जाऊन दीड लाख शिल्लक पडते. बंद केलात तर फी जाते आणि पीएच.डी.चं केंद्रही जातं.

एक धोका मात्र खरा. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ ला आलेली मुलं चौथं वर्ष तिथेच करू शकतात आणि मग त्यांना पदव्युत्तर एकच वर्ष लागतं. म्हणजे २०२७-२८ पासून तुमच्या विभागाचं एक अख्खं वर्ष कमी भरेल. या दोन विभागांसाठी एक वर्षाच्या, ४० ते ४४ श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाचा आराखडा तयार आहे का, हे विचारा. बंद करण्याचा ठराव आला तर उपसूचना द्या: "टाळता येणाऱ्या खर्चाचा विभागनिहाय तक्ता वित्त व लेखा समितीपुढे ठेवून मगच निर्णय व्हावा."

कपात सूचना टाकायची तर सुशोभीकरण, वाहन आणि पाहुणचार यांवर टाका, चर्चा मिळते. पैसे मात्र तासिका मानधनाच्या ओळीत आहेत, तिथे कपात मागू नका, तिथे पदभरतीच्या पाठपुराव्याची पत्रं तारखांसह मागा. लेखी प्रश्न परिनियमातल्या (विद्यापीठाच्या नियमांतल्या) मुदतीत द्या. उशिरा दिलेला प्रश्न "नोंद घेतली" म्हणून संपतो.