अनुभव लिहा: टीव्हीवर हसवायला गेलेली आपल्या बेळगावकडची पोरं

मागावरचा, शहापूर

शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी चाललीय. गल्लीच्या सजीव देखाव्यात भाच्याला हेजीबाचं, म्हणजे दरबारातल्या दूताचं काम मिळालंय. जुना शेला असेल म्हणून माळ्यावरची बॅग काढली. शेला काय मिळाला नाही, स्कीटचे कागद मिळाले. २०१९ चे. माझी अकरा वाक्यं हिरव्या स्केचपेननं रंगवलेली, त्यातली सात निळ्या पेनानं खोडलेली. रंगवली होती मी, खोडली दुसऱ्या कुणीतरी. माळ्याच्या शिडीवरच बसून वाचत राहिलो. आई खालून विचारतेय, काय करुलालास रे वर इतका वेळ?

चौदा महिने मी एका मराठी विनोदी कार्यक्रमात होतो. कार्यक्रमाचं नाव लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका. तिथं मला जीव लावणारी माणसंही भेटली.

ऑडिशनला मी घरात बोलतो तसंच बोललो होतो. "आई, मी जेवून सोडलो, तू झोपून सोड." समोरचे तिघे पोट धरून हसले. मला वाटलं, आपली बोली आता टीव्हीवर येणार. तिसऱ्या आठवड्यात एकानं विचारलं, "बेळगाव म्हणजे कर्नाटकच ना? मग अण्णा कर की." लुंगी आली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आले, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "अय्यो" आलं. मी सांगून बघितलं, आमच्याकडचे कन्नड बोलणारेही असं बोलत नाहीत. उत्तर आलं, लोकांना एवढं कळत नाही. भाडं द्यायचं होतं. केलं. एकदा नाही, बावीस वेळा केलं.

बाबांनी जन्मभर माग चालवला. ते माझं काम बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. गणपतीला घरी आलो तेव्हा जेवताना एवढंच विचारलं, "आपण घरात असं कधी बोलतो काय रे?" मी पुढचा घास उचलला नाही.

आणि एक. आमच्या सेटवर प्रेक्षक बसवत नव्हते. हशा नंतर भरायचे. म्हणजे पंच टाकायचा आणि न आलेल्या हशासाठी थांबायचं. नवीन पोरं हितंच मार खायची, कुणी लवकर बोलायचं, कुणी जास्त थांबायचं. मला ते जमायचं, कारण मी मनात माग चालवायचो. खट-खट, खट-खट, चार ठोके झाले की पुढचं वाक्य. दिग्दर्शक एकदा म्हणाले, हा थांबतो बरोबर. त्या कौतुकावर मी महिनाभर काढला. साउंडवाले दादा मात्र रोज ओरडायचे, आवाज कमी कर. मागवाल्यांच्या घरात हळू बोलून कुणाला ऐकू येतं?

तुमच्यापैकी कुणी गेला असाल, घरातलं कुणी गेलं असेल, तर लिहा. चार ओळी लिहिल्या तरी चालतील.

निपाणीवाला

बाबांचं वाक्य वाचून फोन बाजूला ठेवला. नंतर लिहितो.

खानापूरची, सध्या पुणे

मी लिहितो. हो, "लिहितो". आमच्याकडं बायका "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, हे इथं कुणाला सांगायला नको. मुंबईत सांगावं लागलं.

रिडींगच्या पहिल्या दिवशी दारातून आत शिरताना म्हटलं, "उशीर झाला, मी आत्ताच आलो." सगळी खोली हसली. मला राग आला नाही, उलट वाटलं यात स्कीट आहे. रात्री बसून लिहिलं. सासर पुण्याचं, सून आमच्याकडची, ती "मी जातो" म्हणते आणि सासूला वाटतं मुलगाच बोलतोय. सहा पानं. सकाळी नेऊन दिली. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी वाचनाला तेच स्कीट समोर. सुनेचं काम दुसरीला, लेखक म्हणून दुसऱ्याचं नाव. मला शेजारीण. एकच वाक्य, "अगं बाई, हो का?"

ती दुसरी मुलगी चांगली होती. माझ्याजवळ येऊन विचारलं, "गं, हे कसं म्हणायचं नक्की?" मी शिकवलं. अर्धा तास बसून शिकवलं. तिनं सुंदर केलं. एपिसोड लागला त्या रात्री आईचा फोन, "तुझ्यासारखंच बोलली की ती!" आईला खरं अजून सांगितलेलं नाही.

आता मी लिहिलेलं काहीही आधी स्वतःलाच मेल करून ठेवतो. तारीख राहते. नवीन मुलींनी एवढं तरी करा.

मागावरचा, शहापूर

खानापूरची, ते स्कीट मी बघितलंय. खळखळून हसलो होतो. ते तुझं होतं हे आज कळलं.

खानापूरची, सध्या पुणे

झालं की मग. हसलास ना. पोचलं.

कॅम्पातला

कुणी हुबळी-दादर गाडीनं जातंय काय या आठवड्यात? भावाला आंबे पाठवायचेत.

निपाणीवाला

परत आलो. मी नट नाही. मित्र होता माझा, तंबाखूच्या वखारीत हमाली करणाऱ्याचा मुलगा. बीकॉम करून गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा मी कोगनोळी टोलनाक्यापर्यंत मोटारसायकलवरून सोडायला गेलो होतो. तिथं बसला हात केला. हातात एक पिशवी, कुंद्याचा डबा आणि आईनं दिलेली शेंगाचटणी.

त्याचं काम चांगलं चालायचं, पण पैसे नव्वद दिवसांनी. आज शूटिंग, पैसे तीन महिन्यांनी. पहिले तीन महिने माणसानं खायचं काय? मी विचारायचो, तो म्हणायचा, "स्पॉटदादा जेवायला देतात की." म्हणजे ज्या दिवशी शूटिंग त्या दिवशी जेवण. बाकीच्या दिवशी शेंगाचटणी आणि पाव. ती चटणी संपली की त्याचा फोन यायचा. "चटणी पाठव" म्हणायचा, पैशाचं कधी नाही. मी डब्यात तळाला प्लॅस्टिकमध्ये पाचशेची नोट घालून वर चटणी भरायचो. त्यानं कधी विषय काढला नाही, मीही नाही.

सध्या तो कागलला एका शाळेत शिकवतो. स्नेहसंमेलन त्याच्याकडं असतं.

कॅम्पातला

नोटेला तेल लागत नव्हतं काय?

निपाणीवाला

दोन पिशव्या घालायचो.

अथणीचा पोरगा

माझी गोष्ट उलटी आहे. शिक्षण कन्नड माध्यमातून, घरात मराठी. मी बेंगळुरूला गेलो, कन्नड विनोदी कार्यक्रमात. तिथं मला काय दिलं? "मराठी सावकार". डोक्याला फेटा, तोडकंमोडकं कन्नड, शेवटी "काय रे". माझं कन्नड तिथल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं आहे, पण ते अथणीकडचं. आमच्या उत्तरेकडच्या बोलीलाच तिथं हसतात, त्यात मी मराठी घरातला. दोन वर्षं फेटा बांधला.

शहापूरचे दादा, तुम्ही लुंगी नेसलात तेव्हा मी फेट्यात होतो.

एक चांगली आठवण सांगतो. गोकाकजवळच्या कुलगोडकडं पारिजात खेळतात, श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य, रात्रभर. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून बघितलंय. त्यातला गडी सत्यभामेला टोमणे मारतो तेव्हा अख्खी जत्रा हसते. सेटवर एकदा माणूस कमी पडला. मला म्हणाले, पाच मिनिटं काहीतरी कर. मी तो गडी केला, माझ्या बोलीत. कॅमेरामन हलायला लागला हसून. ते पाच मिनिटांचं काम कापलं नाही, पूर्ण लागलं. लाइट गेली, वळीव आलाय, बाकीचं नंतर

टिळकवाडीचे आजोबा

सर्वांचे वाचले. ही वाट नवी नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३. त्यांचे संगीत शाकुंतल १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. म्हणजे गाव सोडून पुण्याला जावे लागणे तेव्हापासूनचे आहे. पु.ल. तर उलटे इथे आले, राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला. इथल्या माणसांचे मराठी त्यांनी कान देऊन ऐकले आणि जसेच्या तसे महाराष्ट्राला ऐकवले. कुणाला लुंगी नेसवावी लागली नाही. मुलांनो, ज्याला ऐकता येते त्याच्यासाठी ही बोली सोने आहे. मी स्वतः १९७८ ते ८९ हौशी नाटके केली. गुडघ्यामुळे आता फक्त बघतो.

वडगावची काकू

माझा मुलगा दीड वर्ष झालं मुंबईत. असल्याच कार्यक्रमात आहे. फोन केला की म्हणतो सगळं बरं आहे, जेवलो, झोपतो आता. निपाणीवाल्यांचं वाचलं आणि पोटात कालवलं. तो पण चटणी मागवतो. मला वाटायचं आवड म्हणून मागवतो. कसं ओळखायचं तुम्हीच सांगा. कुकर लावलाय, नंतर बघतो

मागावरचा, शहापूर

काकू, घाबरू नका. दीड वर्ष झालं म्हणजे सुरुवातीचा पैसा आता यायला लागला असणार. "जेवलास काय?" विचारू नका, मीही हो म्हणून सोडायचो. "कुणाबरोबर जेवलास?" विचारा. नाव चटकन आलं तर खरंच जेवलाय. माझी आई हेच करायची, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

एपिसोड लागणार असेल तेव्हा गल्ली गोळा करू नका, एवढी विनंती. माझ्या आईनं केली होती. सतरंजी घातली, बारा-चौदा जणी, चहा ठेवला. त्या दिवशी माझी एंट्री पूर्ण उडाली होती. शेवटी सगळे नाचतात त्यात मागं माझा खांदा दिसला. आई म्हणाली, "तो बघा, तो निळा शर्ट." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बहिणीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी दहिसरच्या खोलीत होतो, बाकीची तिघं पोरं झोपलेली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

वडगावची काकू

विचारलं. चटकन नाव सांगितलं. कुणी एक गडहिंग्लजचा मुलगा आहे बरोबर, दोघं मिळून स्वयंपाक करतात म्हणे. भात लावायला शिकलाय. देव तुमचं भलं करो बाबा.

पूर्वी लेखनात होतो (चिकोडी)

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो, तीन वर्षं. निळं पेन माझ्याही हातात असायचं, म्हणून लिहायचं धाडस करतो.

तासाच्या कार्यक्रमात जाहिराती वजा जाऊन हातात उरतो जेमतेम पाऊण तास. शूट झालेलं असतं जास्त. मग कात्री लागते, आणि ज्याचं नाव नाही त्याची वाक्यं आधी जातात, कारण मोठ्याला विचारावं लागतं, नवीन पोराला विचारावं लागत नाही. गुरुवारी रेटिंग यायचं. आकडा पडला की शुक्रवारी सगळी स्कीटं बदलायची, पोरं रात्रभर नवीन पाठ करायची. एका मुलाची सलग चार आठवडे वाक्यं मी काढली. तो रोज येऊन "सर, काही चुकलं काय?" विचारायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. मी त्याला तसं एकदाही सांगितलं नाही. तो कुठं आहे मला माहीत नाही. वाचत असेल तर सांगतो, तुझं काही चुकलं नव्हतं.

आता जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. दिवसाचे किती आणि किती दिवसांनी, हे कागदावर घ्या, निदान मेलवर तरी. आणि मानधनातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात. वर्षाचं उत्पन्न करपात्र होत नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. आमच्या सेटवरच्या पोरांना हे माहीतच नव्हतं, कितीजणांचे पैसे तसेच राहिले.

खानापूरची, सध्या पुणे

टीडीएसचं आज कळलं. माझे तीन वर्षांचे गेले मग.

पूर्वी लेखनात होतो (चिकोडी)

मला मेसेज कर. जुन्या वर्षांचं काय होतंय बघू. इथल्या एका सीएंना विचारतो.

सीमावासी

हे सगळं का होतं? १९५६ ला आपल्याला तिकडं, तेव्हाच्या म्हैसूर म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात टाकलं म्हणून. २००४ पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात. मुंबईवाल्यांना आपण आठवतो ते फक्त

मागावरचा, शहापूर

दादा, तुमचं दुःख तेच माझं. पण अथणीच्या भावाचं वर वाचा, त्यालाही तेच भोगावं लागलंय, तेही कन्नडमध्ये. इथं पोरांचंच बोलू या आज.

अथणीचा पोरगा

लाइट आली. सीमावासी दादा, राग समजतो मी. मला दोन्हीकडं राग येतो आणि दोन्हीकडं मित्र आहेत.

राहिलेलं सांगतो. त्या पाच मिनिटांनंतर निर्मात्यांनी बोलावलं. वाटलं, आता हाच गडी दर आठवड्याला. म्हणाले, "छान, पण फेटा घालून कर." मी घरी आलो. आता पेरूची बाग आहे, आणि जत्रेत आमच्या पोरांचं पथक आहे. दोन्ही भाषांत खेळतो, समोर कोण बसलंय बघून. कधी एकाच वाक्यात दोन्ही. हशा लगेच येतो, नंतर भरावा लागत नाही.

निपाणीवाला

हे बघायला येणार. तारीख सांग.

कॅम्पातला

आंब्याचं कुणी सांगितलं नाही अजून.

निपाणीवाला

शुक्रवारी माझा मेहुणा जातोय. पेटी लहान कर. आणि तळाला काही घालणार असशील तर दोन पिशव्या घाल.

वडगावची काकू

शहापूरच्या बाळा, तू आता काय करतोस ते लिहिलंच नाहीस.

मागावरचा, शहापूर

दुकान आहे काकू, साड्यांचं, बाबांबरोबर. आणि गल्लीच्या देखाव्याचा आवाज या वर्षी माझ्याकडं आहे. संवाद रेकॉर्ड करून लावतात आणि पोरं ओठ हलवतात. मी म्हटलं, या वर्षी हेजीब स्वतः बोलेल. भाचा बारा वर्षांचा, आवाज फुटायच्या बेतात. काल तालमीत महाराजांच्या नावाआधी थांबायचं होतं, तो घाईनं बोलून सोडायचा. मग त्याला दुकानामागं शेजाऱ्यांच्या मागाजवळ नेऊन उभा केला. म्हटलं, चार ठोके मोज, मग बोल. बाबा दारात उभे राहून बघत होते. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा बाबाच म्हणाले, "हां. आता आलं."

वडगावची काकू

मिरवणुकीत तुमचा गाडा कितीला येतो? मुलगा येणार आहे दोन दिवस, त्याला घेऊन येतो.

मागावरचा, शहापूर

मध्यरात्रीच्या आत काही नाही काकू. कपिलेश्वराच्या बाजूला थांबा, तिथं गर्दी जरा कमी असते. आणि त्याला म्हणावं, शेला असेल तर घेऊन ये.